सव्हाना, जॉर्जिया: दोघंच, दोन रात्री आणि भरपूर बाकडी

आधी निकाल सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कुठे गेला ते पुढे येईलच.

अटलांटात नऊ वर्षं काढली, सव्हाना चार तासांवर आहे हे पहिल्या महिन्यापासून माहीत, पण सुट्टी आली की फ्लोरिडा नाहीतर भारत, त्यामुळे जाणं काही होत नव्हतं. ह्या नोव्हेंबरमध्ये लग्नाला दहा वर्षं झाली, आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आहेत, आणि आईच म्हणाली, "अगं जा की दोघं कुठेतरी, तिला आम्ही बघतो, बसस्टॉपवर सोडायला बाबा रोज जातातच आहेत." लेक सात वर्षांची आहे. ती झाल्यापासून आम्ही दोघं एक रात्रसुद्धा असे कुठे राहिलो नव्हतो, त्यामुळे मला खरं तर जाण्यापेक्षा निघण्याचंच जास्त टेन्शन होतं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघालो. मेकनपर्यंत आय-७५ आणि तिथून आय-१६, हा रस्ता थेट सव्हानात जाऊनच संपतो, वळायचं नाही काही नाही, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि मधेच एखादा ट्रक. पहिला तास आम्ही शाळेचे फॉर्म, गाडीचे टायर आणि आई-बाबांचं तिकीट पुढे ढकलायचं का ह्यावर बोललो आणि मग बोलायचे विषयच संपले. हे लिहिते आहे कारण ह्या ट्रिपचा रिव्ह्यू मला त्याच मापाने द्यायचा आहे, दोन दिवसांत आम्ही पुन्हा नीट बोलायला लागलो का. तर हो, लागलो, आणि त्यात गावाच्या बांधणीचा मोठा हात आहे.

पण आधी जेवण. शुक्रवारी निघायचा हट्ट मी ज्याच्यासाठी धरला होता ते मिसेस विल्क्स डायनिंग रूम, वेस्ट जोन्स स्ट्रीटवर. फक्त सोमवार ते शुक्रवार आणि फक्त दुपारी चालू, रिझर्व्हेशन नाही, रांगेत उभं राहायचं. सेमा विल्क्स नावाच्या बाईंनी १९४३ मध्ये हे बोर्डिंग हाऊस हातात घेतलं, म्हणजे आपल्या भाषेत खाणावळच. आम्ही पावणेअकराला पोचलो तर रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली, तासाभराच्या वर उभे होतो. पण जोन्स स्ट्रीटवर उभं राहणं म्हणजे शिक्षा नाही हो. विटांचा रस्ता, दोन्ही बाजूंच्या ओकच्या फांद्या वर एकमेकींत गेलेल्या, घरांचे उंच दगडी जिने आणि जिन्यांना धरून चढलेले वेल.

आत गेलं की दहा जणांच्या टेबलावर अनोळखी लोकांसोबत बसवतात, आणि आपण बसायच्या आधीच टेबल वाडग्यांनी भरलेलं असतं. फ्राईड चिकन, बिस्किटं (इथली बिस्किटं म्हणजे मऊ, खारी पावासारखी), कॉर्नब्रेड, चवळी, भेंडी, रताळ्याचा गोड लगदा, मॅकरोनी, कोबी, भात, अजून बरंच काही. वाडगे ह्याच्याकडून त्याच्याकडे फिरत राहतात. आपल्या पंगतीत वाढपी फिरतो, इथे वाढणारेही आपणच. माझ्या शेजारी टेनेसीहून आलेलं एक आजोबा-आजीचं जोडपं होतं, त्या आजींनी मला न विचारता माझ्या ताटात चिकनचा दुसरा तुकडा ठेवला आणि मला एकदम आमच्या आत्याची आठवण झाली. जेवण झालं की आपलं ताट आपण उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचं, ही तिथली पद्धत. चिकन कसं होतं म्हणाल तर वरचं आवरण पातळ आणि कुरकुरीत, आत रस तसाच, मीठ अगदी बरोबर. आजवर अमेरिकेत खाल्लेलं सगळ्यात चांगलं फ्राईड चिकन, ह्यात मी कणभरही वाढवून सांगत नाहीये.

शाकाहारी लोकांसाठी नीट लिहिते कारण नवरा शाकाहारी आहे. दक्षिणेकडे भाजी म्हणजे भाजीच असेल असं धरून चालू नका. पालेभाजी, शेंगा, चवळी हे सगळं बऱ्याचदा डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर शिजवतात, ग्रिट्स, म्हणजे मक्याचा सांजा, कधीकधी चिकनच्या पाण्यात करतात. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, लाजायचं नाही, लोक व्यवस्थित सांगतात. त्याचं जेवण मॅकरोनी, रताळं, बिस्किटं, भात असं झालं, पोट भरलं पण माझ्याइतका तो खूश नव्हता हेही खरं. त्याला मजा आली रात्री, हिरव्या टोमॅटोचे काप मिळाले तेव्हा. कच्चे टोमॅटो जाड कापून मक्याच्या पिठात घोळवून तळलेले, अगदी आपल्या सुरणाच्या किंवा वांग्याच्या कापांसारखे, आंबट आणि खरपूस. दोन प्लेटी त्याने एकट्याने संपवल्या. मी कोळंबी आणि ग्रिट्स घेतलं, म्हणजे तोच सांजा सैलसर ठेवून त्यात भरपूर लोणी घातलेलं समजा. इथली कोळंबी गोडसर लागते, मालवणी जिभेला तिखट हवं असेल तर हॉट सॉस मागून घ्या.

आता गावाबद्दल. जेम्स ओगलथॉर्प नावाचा इंग्रज १७३३ मध्ये इथे नदीकाठच्या उंचवट्यावर आला आणि त्याने गाव वसवायच्या आधी नकाशा ठरवला. मधे एक मोकळा चौक, त्याच्या उत्तर-दक्षिणेला घरांचे प्लॉट, पूर्व-पश्चिमेला चर्च वगैरे सार्वजनिक इमारतींच्या जागा, असा एक वॉर्ड. गाव वाढलं की असाच पुढचा वॉर्ड जोडायचा. असे चोवीस चौक झाले, त्यातले बावीस आज आहेत. ऐकायला हे नगररचनेच्या पुस्तकातलं वाटतं, पण पायी फिरताना काय होतं सांगू? तुम्ही दोन-तीन मिनिटं चालता आणि समोर झाडांची सावली येते, बाकडी येतात, आणि गाड्यांना चौकाला वळसा घालून जावं लागत असल्यामुळे त्या आपोआप हळू होतात. बसता. उठून दोन मिनिटं चाललात की पुन्हा तेच. कुणी हाकलत नाही, काही विकत घ्यायला लागत नाही.

बुल स्ट्रीट धरून नदीकडून फोर्साइथ पार्कपर्यंत जा, ओळीने पाच चौक लागतात, जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन, माँटेरे. सरळ चाललं तर अर्धा तासही लागत नाही. आम्हाला शुक्रवारची पूर्ण दुपार लागली. राइट चौकात टोमोचिची ह्या यामाक्रॉ लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, प्रमुखाला पुरलं होतं, ओगलथॉर्पला गाव वसवताना त्याची मोठी मदत झाली होती. नंतर १८८३ मध्ये त्याच जागी एका रेल्वेवाल्याचं स्मारक उभारलं, आणि टोमोचिचीच्या नावाचा मोठा ग्रॅनाइटचा धोंडा नंतर चौकाच्या कोपऱ्यात बसवला. चिपेवा चौकात ओगलथॉर्पचा पुतळा आहे, तोंड दक्षिणेला, कारण तिकडे फ्लोरिडात स्पॅनिश लोक होते, धोका तिकडून. ह्या गोष्टी नवरा फोनवर वाचून सांगत होता. माँटेरे चौकात बसलो तोवर फोन खिशात गेला होता आणि तो मला त्याच्या कॉलेजच्या एका मित्राबद्दल सांगत होता, जो वारला, आणि ज्याच्याबद्दल दहा वर्षांत तो माझ्याशी कधी बोललाच नव्हता. मी मधे काहीच बोलले नाही. समोरच्या ओकवरून ती करडी झालर वाऱ्याने हलत होती.

त्या झालरीला स्पॅनिश मॉस म्हणतात पण ते शेवाळ नाही आणि स्पेनचंही नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, झाडाचं काही खात नाही, नुसती लटकून हवेतल्या ओलाव्यावर जगते. खाली पडलेली उचलून डोक्यावर वगैरे ठेवून फोटो काढू नका, तिच्यात बारीक किडे असतात आणि नंतर अंगभर खाज सुटते.

राहिलो एका जुन्या घरातल्या छोट्या इनमध्ये, नाव देत नाही कारण तक्रारी आहेत. खोली सुंदर, उंच छत, पलंग इतका उंच की चढायला छोटी लाकडी पायरी ठेवलेली, सकाळचा नाश्ता गरम आणि मनापासून केलेला. पण रात्रीचे अडीचशे डॉलर घेऊन पार्किंगचे पैसे वेगळे, आणि ते बुकिंग करताना स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. लिफ्ट नाही, जिना अरुंद, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालची खोली आधीच मागून घ्या. आणि आमची खोली रस्त्याकडेची होती, तिथून सकाळी नऊपासून टुरिस्ट ट्रॉली जायला लागतात आणि प्रत्येक गाइड माइकवर तीच गोष्ट सांगतो. मागच्या अंगणाकडची खोली मागा.

आता तो अर्धा गुण. शुक्रवारी रात्री आम्ही एक घोस्ट टूर घेतली, इथे अशा टूर ढिगाने आहेत. वातावरण छान असतं, गॅसच्या दिव्यांसारखे दिवे, घड्याळं मागे गेल्यामुळे साडेपाचलाच अंधार. पण आमचा गाइड गुलाम बायकांच्या मृत्यूच्या गोष्टी टाळ्या घ्यायच्या सुरात सांगत होता. एका तळघरापाशी त्याने साखळ्यांचा आवाज काढून दाखवला आणि लोक हसले. मला ते सहन होईना. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघं तिथूनच निघालो, पैसे गेले तर गेले. ह्या गावातली सगळी संपत्ती कापसाची आणि भाताची, आणि तो पिकवणारे लोक गुलाम होते. वसाहतीच्या पहिल्या वर्षांत तर जॉर्जियात गुलामगिरीला बंदी होती, ती १७५१ मध्ये उठवली. १८५९ च्या मार्चमध्ये ह्याच गावाबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेच्या वर माणसं लिलावात विकली, त्याला तिथे 'वीपिंग टाइम' म्हणतात. असं असताना त्यावर भुताखेतांचा धंदा करणं मला पटत नाही, आणि रोमँटिक ट्रिपच्या जाहिरातींत ह्याचा एक शब्द नसतो हेही पटत नाही.

म्हणून शनिवारी सकाळी ओवेन्स-थॉमस हाऊसला गेलो, ओगलथॉर्प चौकावर. सव्हानात एकच म्युझियम बघणार असाल तर हे बघा. १८१९ मध्ये पूर्ण झालेला श्रीमंत घराचा वाडा, आत त्या काळात नळाचं पाणी खेळवलेलं. पण टूर सुरू होते मागच्या बाजूला, गुलामांच्या खोल्यांपासून. त्या खोल्यांच्या छतावर जुना निळा रंग अजून टिकून आहे. हा 'हेंट ब्लू', भुतं-पिशाच्चं दूर राहावीत म्हणून द्यायचे, नीळ, चुना आणि ताक घालून केलेला. मी मान वर करून बराच वेळ बघत राहिले. सगळीकडे सारखा नाही, तुळईच्या कडेला गडद, मधे पोपडे गेलेले, काही ठिकाणी नुसती निळसर छटा. आमच्या आजीच्या घरी दिवाळीच्या आधी भिंतींना चुना द्यायचे त्यात नीळ घालायचे, तोच थंड निळा, तोच. इथे तो कुणी दिला असेल, दिवसभर वाड्यातलं काम करून रात्री कंदिलाच्या उजेडात दिला असेल का, असं काय काय डोक्यात आलं. आमची गाइड तरुण मुलगी होती, तिने त्या घरात राहिलेल्या गुलामांची जी नावं कागदांत सापडली आहेत ती घेऊन सगळं सांगितलं, आवाज चढवला नाही, काही लपवलंही नाही. त्याच तिकिटात टेलफेअर म्युझियमच्या अजून दोन इमारती बघता येतात, आम्ही एकच बघितली.

फ्रँकलिन चौकातलं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चही बघायचं होतं, तिथे जमिनीच्या फळ्यांना नक्षीसारखी भोकं आहेत, पळून आलेल्या गुलामांना खाली लपवायचे तेव्हा हवा जावी म्हणून ती केली असं चर्चचे लोक सांगतात. पण टूरची वेळ हुकली, पूर्ण आमची चूक, वेळ आधी बघून जा.

रिव्हर स्ट्रीटबद्दल फार लिहीत नाही. नदीकाठी कापसाची जुनी गोदामं, आता त्यात दुकानं आणि बार, जुन्या जहाजांनी तोल राखायला आणलेल्या दगडांचा रस्ता. हील्स घालून तिथे पाऊल टाकू नका, आणि खाली उतरणारे दगडी जिने इतके उभे आहेत की कठडा सोडू नका. गर्दी भरपूर. पण संध्याकाळी तिथून पलीकडे जाणारी फेरी फुकट आहे, सव्हाना बेल्स, ती नक्की घ्या. आम्ही डेकवर उभे होतो आणि एक कंटेनर जहाज समोरून गेलं, इतकं जवळून आणि इतकं उंच की पलीकडचं काही दिसेना, मिनिटभर आकाशच बंद झाल्यासारखं वाटलं. जुन्या गावात अमुक मापाच्या प्लास्टिकच्या ग्लासातून वाइन-बिअर हातात घेऊन रस्त्यावर फिरायला परवानगी आहे, सोळा औंसापर्यंत, त्यामुळे सगळे ग्लास घेऊन निवांत फिरत असतात. नवऱ्याला हे फार आवडलं.

प्रालीनची दुकानं तिथेच. पेकन, साखर आणि लोणी, ताजी असताना मऊ आणि रवाळ, आपल्या नारळाच्या वडीच्या जवळ जाणारी. दारातच गरम तुकडा चाखायला देतात. आणि आइस्क्रीम लिओपोल्ड्सचं, ब्रॉटन स्ट्रीटवर, १९१९ पासूनचं. टुटीफ्रुटी म्हटल्यावर आपल्याला पपईचे रंगीत तुकडे आठवतात, इथे रमच्या आइस्क्रीममध्ये साखरेत मुरवलेली फळं आणि भाजलेले पेकन असतात, एकदा तरी घ्याच. शनिवारी रात्री रांग चाळीस मिनिटांची होती. रविवारी सकाळी दुकान उघडताना गेलो तर पाच मिनिटांत मिळालं.

रविवारी बोनाव्हेंचर सेमेटरीत तासभर. लग्नाच्या वाढदिवसाला स्मशानात काय, असं आई फोनवर म्हणालीच, पण ती एक जुनी शांत बाग आहे, कॅमेलिया फुललेले, खाली नदीचा फाटा. कॉनराड एकन ह्या कवीची कबर बाकाच्या आकाराची आहे, लोक तिथे बसतात, आम्हीही बसलो. दोन दिवसांत किती बाकांवर बसलो ह्याचा हिशोब नवऱ्याने तिथे लावायला घेतला आणि चौदाच्या पुढे आम्हा दोघांनाही आठवेना.

मग टायबी बेटाच्या रस्त्यावरचा फोर्ट पुलास्की. अडीच कोटी विटांचा किल्ला, कुणाला फुटणार नाही असं धरून बांधलेला, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ च्या एप्रिलमध्ये, उत्तरेच्या सैन्याने नव्या, नळीत आटे असलेल्या तोफांनी मैलभर लांबून त्याची भिंत फोडली, तीस तासांत शरणागती. त्या कोपऱ्यात अजून भिंतीत रुतलेले तोफगोळे दिसतात. मी जंजिरा आणि विजयदुर्ग बघत मोठी झाले त्यामुळे मला हा किल्ला लहान वाटला, पण भोकं पडलेली ती भिंत बघून किल्ल्यांचा काळ का संपला हे जे कळतं ते पुस्तकातून कळत नाही. टायबीचा समुद्र नोव्हेंबरमध्ये पाय बुडवण्यापुरता. दीपगृहाच्या १७८ पायऱ्या चढलो, वरून दलदलीचं गवत आणि समुद्र असा पट्टा दिसतो, तेवढ्यासाठी चढा. बारीक चावऱ्या माश्या संध्याकाळी फार त्रास देतात, वसंतात आणि शरदात जास्त, लांब बाह्यांचं काहीतरी बरोबर ठेवा.

कधी जायचं? नोव्हेंबर उत्तम, मार्च-एप्रिलमध्ये अझेलिया फुलतात पण सेंट पॅट्रिक्स डेच्या (१७ मार्च, आयरिश लोकांचा सण) आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते आणि हॉटेलं दुप्पट महाग होतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या मे महिन्यासारखा घाम, तेव्हा चालायची ट्रिप करू नका. गाडी एकदा लावली की परत काढायची नाही, गावात फुकट 'डॉट' शटल आहे, आणि पायीच सगळं होतं. दोन रात्रींऐवजी तीन घ्या, आम्हाला डॅव्हनपोर्ट हाऊस राहिलं, ते पाडायला निघाले होते तेव्हा १९५५ मध्ये सात बायकांनी पैसे जमवून विकत घेतलं आणि तिथून ह्या गावातली जुनी घरं वाचवायचं काम सुरू झालं, त्या बायकांचं घर न बघता आले ह्याची मला चुटपुट आहे.

परतीच्या रस्त्यावर आय-१६ तितकाच सरळ होता. मेकन कधी आलं ते कळलं नाही, आम्ही बोलत होतो.